ताबीर नसलेले स्वप्न : अतिवास्तववादी चित्रपटाचे संकेत आणि शेजारचा 'तुंबाड'

सप्टेंबर २०२४ मध्ये 'तुंबाड' हा चित्रपट पुन्हा थिएटरात लागला तेव्हा आमच्या शिक्षकखोलीत आठवडाभर त्याचीच चर्चा होती. मूळ प्रदर्शन ऑक्टोबर २०१८ मधले. तेव्हा बेताचा चाललेला हा चित्रपट सहा वर्षांनी परत आला आणि पहिल्यापेक्षा जास्त गल्ला जमवून गेला. आमच्या भागात त्याचे कौतुक थोडे अधिक असणे साहजिक आहे. तुंबाड हे खेड तालुक्यातले, जगबुडीच्या काठचे गाव. आम्ही राहतो चिपळूण तालुक्यातल्या अलोरे येथे, कोयना प्रकल्पाच्या वसाहतीच्या गावात. सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने आलेले कोयनेचे पाणी आमच्या परिसरात वीज देऊन वाशिष्ठीत उतरते आणि खाली खाडीकडे जाताना त्याच वाशिष्ठीला जगबुडी मिळते. पाण्याच्या नात्याने तुंबाड आमचे शेजारी.

या चर्चेत एका तरुण सहकाऱ्याने निकाल दिला, "सर, बाकी काही असो, पिक्चर एकदम सर्रिअल आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या. आम्हीही डोलावली. घरी आल्यावर मात्र ती मान खटकत राहिली.

सर्रिअल म्हणजे अतिवास्तव. परीक्षणांतून हा शब्द आता इतका सैल झाला आहे की पडद्यावर भूत दिसले, धुके पसरले, काही विचित्र घडले की तो वापरून मोकळे व्हायचे. वास्तविक अतिवास्तववादी चित्रपटाचे काही संकेत आहेत. ते कोणी नियमावलीत लिहून ठेवलेले नाहीत, पण जवळजवळ शंभर वर्षे ते पुन्हा पुन्हा दिसत आले आहेत. ते संकेत लावून 'तुंबाड' पाहिला तर काय हाती लागते, हे येथे पाहायचे आहे. आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. 'तुंबाड' उत्तम चित्रपट आहे, पण तो अतिवास्तववादी नाही. ती दास्तान आहे. हा फरक नुसत्या नावाचा नाही. स्वप्नाकडे आणि स्वप्न सांगणाऱ्या माणसाकडे आपण कसे पाहतो, याच्याशी त्याचा संबंध आहे.

थोडा इतिहास पाहू. आंद्रे ब्रेताँ या फ्रेंच कवीने १९२४ साली पॅरिसमध्ये अतिवास्तववादाचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. पहिले महायुद्ध संपून फार वर्षे झाली नव्हती. ज्या शहाणपणावर युरोप चालत होता त्याच शहाणपणाने लाखो तरुणांना खंदकांत मारले होते, त्यामुळे या मंडळींचा तर्कावरचा विश्वास उडाला होता. ब्रेताँने युद्धकाळात मनोरुग्ण सैनिकांमध्ये काम केले होते आणि फ्रॉइडचे विचार अभ्यासले होते. स्वप्न आणि जागेपण हे दोन वेगळे मुलूख नाहीत, असे त्याचे सांगणे होते. कवितेत आणि चित्रकलेत हे आधी आले. चित्रपटात ते सर्वांत ठसठशीतपणे आले १९२९ मध्ये, लुई बुन्युएल आणि साल्व्हादोर दाली या दोघा स्पॅनिश तरुणांच्या 'अँ शियँ आंदालू' या जेमतेम सोळा मिनिटांच्या मूकपटातून.

या चित्रपटाचा जन्मच बोधप्रद आहे. दोघांनी एकमेकांना स्वप्ने सांगितली. बुन्युएलला स्वप्नात चंद्रावरून ढगाची चीर जाताना दिसली होती, वस्तऱ्याने डोळा चिरावा तशी. दालीला स्वतःच्या हातावर मुंग्या दिसल्या होत्या. पटकथा लिहिताना त्यांनी एकच नियम केला: जिचे बुद्धीने स्पष्टीकरण देता येईल अशी कोणतीही कल्पना घ्यायची नाही. चित्रपटाच्या नावाचा अर्थ 'आंदालुसियाचा कुत्रा', आणि अख्ख्या चित्रपटात असा कुत्रा नाही. पहिल्या प्रयोगाच्या वेळी प्रेक्षक चिडले तर फेकायला म्हणून बुन्युएलने खिशात दगड भरून ठेवले होते, असे तो पुढे सांगत असे. दगड वापरायची वेळ आली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आता संकेतांकडे वळू. पहिला संकेत असा की पडद्यावर कोणालाही आश्चर्य वाटत नाही. 'आंदालू'मध्ये एक माणूस दोन पियानो ओढतो, पियानोंवर मेलेली गाढवे पडलेली असतात. तो घामाघूम होतो, पण हे काय चालले आहे असे त्याच्या मनातही येत नाही. कॅमेराही शांत असतो. भयपटात पात्र किंचाळते आणि आपल्याला घाबरण्याचा इशारा मिळतो. इथे तसा इशारा देणारे कोणी नसते. अद्भुत गोष्ट दूधवाल्याचा हिशेब सांगावा इतक्या साध्या आवाजात सांगितली जाते.

दुसरा संकेत, स्वप्न आणि जाग यांच्यात भिंत नसते. आपल्या हिंदी चित्रपटात स्वप्न सुरू झाले की ते कळते: पडदा धूसर होतो, जमिनीवर धूर पसरतो, सतार वाजते. 'आवारा' (१९५१) मधले स्वप्नदृश्य आठवा. ख्वाजा अहमद अब्बास आणि व. प. साठे यांची पटकथा, एम. आर. आचरेकरांचे कलादिग्दर्शन, ढगांतून चढणारे जिने, अवाढव्य मूर्ती. दृश्य आजही दिपवते. पण नायक झोपतो तेव्हा ते सुरू होते आणि तो दचकून उठतो तेव्हा संपते. त्याच्या मनात अपराधाची टोचणी आहे, हा त्याचा अर्थ कोणालाही लागतो. हिचकॉकच्या 'स्पेलबाउंड' (१९४५) मधले स्वप्न तर खुद्द दालीने रेखाटले, तरी शेवटी डॉक्टर त्याचा एकेक तुकडा उलगडून दाखवतात. ही सजवलेली स्वप्ने आहेत. बुन्युएलच्या 'द डिस्क्रीट चार्म ऑफ द बूर्झ्वाझी' (१९७२) मध्ये मंडळी जेवायला बसतात, अचानक मागचा पडदा सरकतो आणि समोर नाटकाचे प्रेक्षक बसलेले दिसतात. एक पाहुणा दचकून जागा होतो. हे त्याचे स्वप्न होते असे आपण धरून चालतो, तर थोड्या वेळाने दुसराच पाहुणा जागा होतो. पहिल्याचे जागे होणेही दुसऱ्याच्या स्वप्नातले निघते.

तिसरा संकेत काळाचा आणि कारणाचा. 'आंदालू'मध्ये 'आठ वर्षांनंतर', 'सोळा वर्षांपूर्वी' अशा पाट्या येतात आणि पाटीनंतर तीच खोली, तीच माणसे दिसतात. पाटी आहे, काळ गेलेला नाही. आधीचे आणि नंतरचे यांना बांधणारा 'म्हणून' हा शब्दच काढून घेतलेला असतो.

चौथा संकेत आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. या चित्रपटांचे इंजिन इच्छा हे असते, आणि ती इच्छा सतत अडते. 'डिस्क्रीट चार्म'मध्ये सहा प्रतिष्ठित माणसे एकत्र जेवू पाहतात आणि चित्रपट संपेपर्यंत त्यांना नीट जेवता येत नाही. कधी दिवस चुकतो, कधी खानावळीचा मालक शेजारच्या खोलीत मरून पडलेला असतो, कधी लष्कराची तुकडीच घरात येते. 'द एक्स्टरमिनेटिंग एंजल' (१९६२) मध्ये मेजवानी संपते, दार उघडे असते, पण पाहुण्यांना दिवाणखान्याबाहेर पडता येत नाही. कोणी अडवलेले नाही आणि कारणही सांगितलेले नाही. नोकरचाकर मात्र मेजवानीच्या सुरुवातीलाच, काही न सुचून, घर सोडून गेलेले असतात. अडकतात ते मालक लोक. विचित्रपणाचे टोक कोणाकडे रोखलेले आहे, हे इथे स्पष्ट होते. १९३० साली बुन्युएलचा 'लाज दॉर' पॅरिसमध्ये लागला तेव्हा उजव्या गटांनी थिएटरवर हल्ला केला आणि चित्रपटावर बंदी आली. केवळ गंमत म्हणून केलेल्या विचित्र चित्रांवर असे हल्ले होत नाहीत.

या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. अद्भुत घडते, पण त्याला कर्ता नसतो. आपल्या मराठी चित्रपटाने अद्भुत कमी दाखवलेले नाही. दादासाहेब फाळके स्वतः जादूचे प्रयोग करत. स्वतःचे आडनाव उलटे फिरवून 'प्रोफेसर केळफा' या नावाने ते रंगमंचावर उभे राहत. त्यांच्या 'लंकादहन' (१९१७) मध्ये अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. साठ वर्षांनी बुन्युएलने आपल्या शेवटच्या चित्रपटात एकाच स्त्रीची भूमिका दोन नट्यांना वाटून दिली. हिशेब उलटा असला तरी युक्ती एकाच जातीची. तरीही फाळके अतिवास्तववादी ठरत नाहीत, कारण त्यांच्या प्रेक्षकाला राम कुठला आणि सीता कुठली याचा घोळ होत नव्हता. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांच्या 'संत तुकाराम' (१९३६) मध्ये वैकुंठाचे विमान येते. तेही अतिवास्तव नव्हे. ते विमान पाठवणारा कोणी आहे, आणि ते तुकोबांसाठी आहे, याविषयी पडद्यावर किंवा पडद्यासमोर कोणाला शंका नाही. चमत्काराला, करामतीला कर्ता असतो. जादूला जादूगार असतो. भुतालाही बापडे काही मागणे असते. अतिवास्तवात हे विचारायला कोणी सापडत नाही.

आमच्या वाचकांना हा फरक समजायला दास्तानची वाट सोपी आहे. 'तिलिस्म-ए-होशरुबा' ही लखनऊच्या नवल किशोर छापखान्याने १८८३ पासून दहाएक वर्षांत छापलेली प्रचंड दास्तान. तिच्यात काय नाही? जादूची शहरे, क्षणात बदलणारी माणसे, सारे जग मावणारी अमर अय्यारची झंबील. पण तिलिस्म कितीही भूलभुलैयाचा असला तरी त्याची एक लौह असते, म्हणजे तो फोडण्याची रीत सांगणारी पाटी. लौह ज्याच्या हाती लागेल त्याला तिलिस्म जिंकता येतो. दास्तानचे सारे सुख या विश्वासात आहे की कुलूप आहे तर किल्लीही असणार.

आता 'तुंबाड' पाहा. राही अनिल बर्वे यांचे दिग्दर्शन, पंकज कुमार यांचे छायाचित्रण, सोहम शाह यांची मध्यवर्ती भूमिका. शीर्षकाची आठवण श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' (१९८७) या कादंबरीची, कथेचे बीज नारायण धारपांच्या गोष्टीचे. सुरुवातीलाच आपल्याला पुराणकथा सांगितली जाते. समृद्धीच्या देवीचा लाडका आणि हावरा मुलगा हस्तर. त्याने सोने घेतले, पण अन्नाला हात लावताच देव त्याच्यावर तुटून पडले. आईने त्याला आपल्या गर्भात लपवले. पुढे जे जे विचित्र येते त्याचे कारण या कथेत आहे. हस्तर भुकेला आहे, म्हणून पिठाच्या बाहुलीला भुलतो. पीठ त्याला वर्ज्य आहे, म्हणून पिठाच्या रिंगणात माणूस सुरक्षित राहतो. तो बाहुलीवर तुटून पडला की त्याच्या लंगोटातली सोन्याची नाणी काढायची. त्याचा स्पर्श झाला तर शाप. एका तिलिस्माला लागतात तितके सगळे नियम इथे आहेत, आणि लौह पहिल्या काही मिनिटांतच प्रेक्षकाच्या हाती दिलेली आहे. १९१८, १९३३, १९४७ या पाट्याही खऱ्या आहेत. त्यांच्यामध्ये काळ खरोखर जातो, मूल मोठे होते, बाप होते, म्हातारे होऊ लागते.

पाऊससुद्धा या हिशेबात बसवलेला आहे. पडद्यावरच्या तुंबाडात तो थांबत नाही, कारण तो देवांचा कोप आहे. आमच्या अलोऱ्यात जूनमध्ये पाऊस लागला की दोरीवरचे कपडे आठवडाभर वाळत नाहीत, खडूसुद्धा ओला लागतो. त्यामागे कोणाचा कोप नसतो. चित्रपट संपल्यावर आम्हांला वाटले की या पावसाला कारण दिले नसते तर तो अधिक भयाण वाटला असता.

याचा अर्थ चित्रपटात अतिवास्तवाचा क्षणच नाही असे नव्हे. एक आहे, आणि तो विसरता येत नाही. मोठा झालेला विनायक पडक्या वाड्यात परत येतो तेव्हा लहानपणी साखळदंडात पाहिलेली ती म्हातारी अजून जिवंत असते आणि तिच्या अंगातून झाड उगवलेले असते. माणूस कुठे संपतो आणि मूळ कुठे सुरू होते ते कळत नाही. याला पुराणकथेतही नेमके उत्तर नाही. आमच्या अंगावर काटा आला तो इथे, हस्तरला पाहून नव्हे. पण लगेच म्हातारी बोलू लागते आणि खजिन्याची वाट सांगते. तिचेही लौहेत रूपांतर होते. बुन्युएलने तिला बोलू दिले नसते. 'डिस्क्रीट चार्म'मध्ये मंत्री एका गोष्टीचे कारण सांगू लागतो आणि नेमके तेव्हाच वरून विमान जाते. कारण त्या आवाजात बुडून जाते.

दास्तान असणे हा दोष नाही, हे पुन्हा सांगतो. नफ्सच्या भुकेची, हावेच्या वारशाची अशी घट्ट गोष्ट हिंदी पडद्यावर क्वचित आली आहे. शेवटी मुलगा बापाने पुढे केलेले सोने नाकारतो, तेव्हा गोष्ट तिच्या नैतिक जागी चोख येऊन थांबते. पण नेमके इथेच आमचे दुसरे म्हणणे येते. शीर्षक खोतांच्या गावाचे घेतले आणि गाव जवळजवळ दिसतच नाही. कोकणातली खोती ही एका घराण्याला लागलेली बाधा नव्हती. कुळांच्या पाठीवर उभी असलेली व्यवस्था होती. तिच्याविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणले आणि ती जाण्यासाठी १९४९ चा कायदा यावा लागला. खोत हिंदू होते तसे मुसलमानही होते, आणि कुळेही दोन्हीकडची होती. चित्रपटात हाव शाप होऊन बसते, त्यामुळे ती घराण्यापुरती मर्यादित होते आणि पेटवून संपवता येते. अतिवास्तववादाने हे केले नसते. त्याने शाप काढून टाकला असता आणि वाड्याचे दार उघडे ठेवून खोतांना आत अडकवले असते.

मग आपल्याकडे हे संकेत खरे कोणी पाळले? कवितेत अरुण कोलटकर आणि दिलीप चित्रे यांनी त्यांच्याशी पूर्वीच ओळख करून घेतली होती. उर्दू कथेत नय्यर मसूद (१९३६ ते २०१७) आहेत. त्यांच्या कथांमध्ये सारे काही स्वच्छ, सभ्य भाषेत सांगितले जाते आणि तरी हातात अर्थ न येता नुसती हुरहुर येते. चित्रपटात पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या कमल स्वरूप यांचा 'ओम दर-ब-दर' (१९८८) हा सर्वांत नेमका दाखला. अजमेर-पुष्करकडचा, पाण्याखाली श्वास रोखून धरणारा मुलगा, ज्योतिषी बाप, बेडूक, हिरे, जाहिराती, विज्ञानाचे पाठ यांची अशी सरमिसळ की कारण शोधणारा प्रेक्षक दहा मिनिटांत हात टेकतो. हा चित्रपट रीतसर थिएटरात यायला २०१४ साल उजाडले. मराठीत उमेश कुलकर्णी यांचा 'विहीर' (२००९) अतिवास्तववादी नाही, पण मृत्यूची किल्ली न देण्याचे धाडस त्याच्यात आहे. नचिकेत बुडून जातो आणि समीर त्याला लपंडावातल्या भिडूसारखा शोधत राहतो. त्याच दिग्दर्शकाच्या 'देऊळ' (२०११) मध्ये गाय शोधायला गेलेल्या केश्याला दत्त दिसतो. केश्याला ते दर्शन पुरते, गावाला पुरत नाही. गाव त्याचा अर्थ लावते आणि त्यातून बाजार उभा राहतो.

आणखी एका चित्रपटाचे नाव घ्यायलाच हवे. अनामिका हक्सर यांचा 'घोडे को जलेबी खिलाने ले जा रिया हूँ' २०१८ साली महोत्सवात आला आणि २०२२ मध्ये थिएटरात. जुन्या दिल्लीतले हमाल, खिसेकापू, फेरीवाले यांच्याशी अनेक वर्षे बोलून त्यांची स्वप्ने गोळा केली आणि त्यांतून तो उभा केला. पॅरिसच्या मंडळींनी स्वतःची स्वप्ने दाखवली होती. हक्सर यांनी ज्यांना कोणी कधी स्वप्न विचारले नाही त्यांना ते विचारले, आणि त्यांच्या उत्तरांवर खुलाशाची चिठ्ठी लावली नाही.

हे लिहिताना आमचीच एक चूक डोळ्यांसमोर येते. आमच्या लहानपणी घरात एक ख्वाबनामा असे. दात पडलेला दिसला तर काय, साप दिसला तर काय, पाणी दिसले तर काय. सकाळी चहाबरोबर ताबीर निघायची. शिक्षक झाल्यावर ती सवय आम्ही वर्गात नेली. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पूर आला. त्यानंतर शाळा भरू लागल्या तेव्हा आम्ही उर्दूच्या तासाला निबंध दिला, 'मेरा ख्वाब'. बहुतेकांनी डॉक्टर, इंजिनिअर, पोलीस लिहिले. एका मुलीने खरोखरच स्वप्न लिहिले होते. वर्गात खिडकीपर्यंत पाणी आहे, सगळे रोजच्या जागी बसले आहेत, सर हजेरी घेत आहेत, तिचे नाव आल्यावर वारलेल्या दादीने 'हाजिर' म्हटले, मग मधली सुट्टी झाली. एवढेच. कोणी ओरडत नव्हते, कोणी बुडत नव्हते.

आम्ही लाल शाईने लिहिले, 'मौज़ू से हटकर. मतलब वाज़ेह नहीं.' दहापैकी तीन गुण दिले. बी.एड.मध्ये आम्हांला मुद्देसूद लेखन तपासायला शिकवले होते आणि आम्ही तेच केले. त्यानंतर त्या मुलीने सगळे निबंध मुद्देसूद लिहिले.

बुन्युएलचे हे चित्रपट आम्ही फार उशिरा, एका मित्राच्या लॅपटॉपवर पाहिले. पियानोवरची गाढवे पाहताना आधी हसू आले आणि मग ती वही आठवली. एका बारा वर्षांच्या मुलीने आश्चर्य न दाखवता, कारण न देता, भिंत न घालता, पुराने आणि मरणाने तिच्या मनात जे केले होते ते पाच ओळींत मांडले होते. तिला कोणी संकेत शिकवले नव्हते. आम्हांला मात्र ते शिकावे लागले.

वाचकांनी 'तुंबाड' जरूर पाहावा, पाहिला असेल तर पुन्हा पाहावा, आणि दास्तान म्हणून त्याचा आनंद घ्यावा. त्याला अतिवास्तव म्हणण्याची गरज नाही. दास्तान हे कमी दर्जाचे नाव नव्हे. पण कधी असा चित्रपट, अशी कथा, किंवा घरातल्या लेकराने सकाळी सांगितलेले असे स्वप्न समोर आले की ज्याची लौह कुठे दिसत नाही, तर 'याचा मतलब काय' हा प्रश्न थोडा मागे ठेवावा. आधी 'मग पुढे काय झाले' हे विचारावे. यंदा आम्ही सातवीला पुन्हा 'मेरा ख्वाब' हाच निबंध देणार आहोत, आणि फळ्यावर लिहिणार आहोत की रात्री झोपेत पाहिलेला ख्वाबही चालेल.